पाच ताऱ्यांचा भ्रम

बांधकाम-परवान्याच्या अर्जासोबत ऊर्जा-कार्यक्षमतेचा अनुपालन-अहवाल जोडण्याचा विषय निघाला, की विकासकाच्या कचेरीत, पुनर्विकासाच्या सभेत आणि, खेदाने म्हणावे लागते, काही अभियंत्यांच्या तोंडूनही एकच निर्वाळा ऐकू येतो : "फाइव्ह स्टार एसी घेऊ, एलईडी लावू, गच्चीवर सोलर बसवू, झाला रिपोर्ट!" हे इतक्या ठामपणे सांगितले जाते, की बोलणाऱ्याने त्याविषयीची संहिता निदान एकदा चाळली असावी, असा ऐकणाऱ्याचा सहज ग्रह व्हावा.

ती तसदी कोणी घेतलीच, तर त्याला असे आढळेल की केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'इको निवास संहिते'चा पहिला भाग केवळ इमारतीच्या आवरणाचा, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छप्पर यांचाच विचार करतो. त्यात एसीचे तारे मोजण्याची तरतूद नाही, आणि गच्चीवरील सौर पॅनेलमुळे त्या हिशेबातला एक आकडाही हलत नाही. सामायिक दिवे, पंप, उद्वाहने यांचा विचार २०२१ च्या पुढील भागात आला. अहवालाचा गाभा आहे तो 'आरईटीव्ही' हा आकडा : छप्पर वगळून उरलेल्या आवरणाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता घरात शिरते, याचे ते माप असून, थंड हवामानाचा प्रदेश सोडल्यास ते १५ वॅटच्या वर जाता कामा नये.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी संहितेतलेच गुणक घेऊन मुंबईच्या उष्ण-दमट हवामानासाठी ताळा करून पाहावा. आवरणात ८० टक्के भिंत आणि २० टक्के काच आहे, असे धरू. हल्ली मिव्हान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत, ओतल्या जाणाऱ्या सहा इंची काँक्रीट भिंतीचे यू-मूल्य, म्हणजे उष्णता पलीकडे जाऊ देण्याचे माप, सुमारे ३.५ असते; त्याला संहितेच्या ५.१५ या गुणकाने आणि भिंतीच्या ०.८ या वाट्याने गुणले, की एकट्या भिंतीच्या खात्यावर १४.४ वॅट पडतात, आणि काचेतून येणाऱ्या सगळ्या उन्हासाठी जेमतेम अर्धा वॅट शिल्लक राहतो! तीच भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, असेल, तर हा आकडा सव्वातीनवर येतो. परंतु साध्या, छज्जा नसलेल्या काचेतून शिरणाऱ्या उन्हाचे सुमारे १०.४ आणि काचेतून वाहून येणाऱ्या उष्णतेचे दीड असे मिळवले, की बेरीज पुन्हा पंधराच्या किंचित वर जाते. येथे दिशेचा प्रश्न येतो, कारण महाराष्ट्राच्या अक्षांशांवर उत्तरेच्या खिडकीला ०.६६ आणि पश्चिमेच्या खिडकीला १.१६ असा भार दिलेला आहे. म्हणजे काच तीच असली तरी पश्चिमेकडून ती पावणेदोन पट महाग पडते. अशा हिशेबात पंचतारांकित एसी कोणत्या रकान्यात बसवावयाचा, हे त्या सभांतील वक्त्यांनीच सांगावे.

छताच्या बाबतीतही 'कोबा केला आहे ना' म्हणून भागत नाही. छताचे यू-मूल्य १.२ च्या आत हवे, आणि स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा ते एकटा साधू शकत नाही.

बाकीचे समज थोडक्यात आटोपू. ही संहिता प्रत्येक घराला लागू नाही. ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे, आणि राज्याने ती अधिसूचित करून बांधकाम-नियमांत घेतल्यावरच परवान्याच्या दप्तरात तिला बंधनकारक बळ येते. 'गृहा' या हरित इमारतींच्या पद्धतीचे मानांकन हा ऐच्छिक, वेगळा दस्तऐवज आहे. अहवाल म्हणजे कमी वीजबिलाची हमी नव्हे. आपण एसी किती तास चालवणार, हे त्याला ठाऊक नसते. मोठी खिडकी म्हणजे भरपूर वारा, हेही खरे नाही : सरकत्या दोन तावदानांची खिडकी वायुवीजनाच्या हिशेबात अर्धीच उघडी धरली जाते, मग चौकट कितीही प्रशस्त असो.

आणि 'आधी नकाशा, मग अहवाल' हा क्रम तर सर्वांत खर्चिक. दिशा, छज्जे आणि भिंतींचा प्रकार एकदा कायम झाला, की अहवाल करणाऱ्याच्या हाती बदलण्यासारखी केवळ काच उरते. उष्णता अडवणारी गडद काच उजेडही अडवते, आणि भिंतीच्या तीस टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत आलाच पाहिजे, अशी अट त्याच संहितेत आहे.