बालवाचकांचा कौल

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका तालुक्याच्या गावी, तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात, पाऊण तास बसण्याचा योग आला. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा पुस्तक परत करावयास आला. ग्रंथपालबाईंनी सवयीने मागचे पान उघडले, तेथे डकवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारला, नोंदवहीत दाखल क्रमांक उतरवला आणि दुसरे कोणते हवे म्हणून विचारले. मुलगा जागचा हलला नाही. “शेवटी कुत्रा मरायला नको होता,” तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून, “पण पुस्तक चांगलं आहे, बाई.” बाईंनी मायेने मान डोलावली आणि पुढच्या मुलाचे पुस्तक हाती घेतले. नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक, सभासदाचा क्रमांक आणि तारीख असे तीन रकाने होते. त्या मुलाने केलेल्या नेमक्या आणि प्रामाणिक समीक्षेसाठी चौथा रकाना नव्हता.

बालवाङ्मयाचा सगळा कारभार आपण मोठी माणसे चालवतो. लिहिणारा प्रौढ, छापणारा प्रौढ, विकत घेणारे आईबाप, शाळेच्या खरेदीची यादी मंजूर करणारे अधिकारी, आणि उत्तम पुस्तक कोणते याचा निवाडा करणारे परीक्षक, हे सारेच प्रौढ. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या बालवाङ्मय पुरस्काराचा परीक्षक म्हणून मी स्वतः चाळीस पुस्तके वाचली, शेरे लिहिले, शिफारस केली. पण त्या सहा आठवड्यांत एकाही पुस्तकाविषयी एकाही मुलाला विचारावे असे मला सुचले नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या एका वाक्याने मला आठवली, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. म्हणूनच, ज्या पुरस्कारांचा निकाल मुलेच मत देऊन लावतात त्यांचा थोडा विस्तृत परामर्श या लेखात घ्यावा असे योजले आहे.

या प्रथेचा उगम एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानाशी जोडलेला आहे. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिअ‍ॅटल शहरातील हॅरी हार्टमन या गृहस्थांनी, स्वतःला आनंद देणारे पुस्तक निवडण्याची संधी प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे अशा धारणेने, 1940 साली ‘यंग रीडर्स चॉइस अवॉर्ड’ सुरू करविले आणि त्या प्रदेशातील ग्रंथालयांच्या ‘पॅसिफिक नॉर्थवेस्ट लायब्ररी असोसिएशन’ या संघाने त्याची व्यवस्था आपल्याकडे घेतली. अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांत, मुलांच्या मतांवर दिला जाणारा हा सर्वांत जुना पुरस्कार. त्यापूर्वी अठरा वर्षे, म्हणजे 1922 पासून, अमेरिकेत बालवाङ्मयासाठी न्यूबेरी पदक दिले जात होते आणि त्याची प्रतिष्ठा आजही अबाधित आहे. परंतु त्याची निवड ग्रंथपालांची समिती करते. ज्या काळी पुस्तकाच्या गुणावगुणांविषयी मुलाने बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास समजला जात असे, त्या काळी एका विक्रेत्याने तो घास मुलांच्या तोंडी घालण्याचे धाडस केले, याचे मोल मोठे आहे. दुकानाच्या फळीवरून मूल कोणते पुस्तक आपणहून उचलते आणि कोणते आईच्या आग्रहाखातर घेते, हे रोज पाहणाऱ्या माणसालाच ही कल्पना सुचावी, हे मला स्वाभाविक वाटते.

या पुरस्काराच्या नियमांतील दोन कलमे मननीय आहेत. पहिले असे, की मताला घ्यावयाचे पुस्तक तीन वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले असावे. वरकरणी हा नियम विक्षिप्त वाटेल; परंतु तीन वर्षांत नव्या पुस्तकाचा गाजावाजा ओसरतो, स्वस्त आवृत्ती निघते, खेड्यापाड्यांतील ग्रंथालयांपर्यंत प्रती पोचतात, आणि जे पुस्तक एवढ्या अवधीनंतरही मुलांच्या हातांत फिरत असते ते आपल्या अंगच्या बळावर फिरत असते. दुसरे कलम याहून महत्त्वाचे: यादीतील निदान दोन पुस्तके वाचल्याखेरीज मत देता येत नाही. प्रौढांच्या निवडणुकीत मतदाराचे वय आणि रहिवास तेवढा पाहतात, त्याने उमेदवारांची खातरजमा केली आहे की नाही हे कोणी विचारीत नाही. येथे नवव्या-दहाव्या वर्षीच मुलाला सांगितले जाते की मत हा हक्क आहे आणि तो वाचून कमवावयाचा आहे. मतपेटीपेक्षाही या अटीत मला या प्रथेचे खरे शिक्षण दिसते.

मुलांच्या हाती निवड दिली की ती हसवणारी, उथळ, गोडगोड पुस्तकेच निवडतील, हा आक्षेप या पुरस्काराइतकाच जुना असला पाहिजे. त्याचे उत्तर 1959 च्या निकालात सापडते. त्या वर्षी मुलांनी फ्रेड गिप्सन यांच्या ‘ओल्ड येलर’ या कादंबरीला कौल दिला. टेक्सासच्या माळावरील एका वस्तीत आलेला बेवारस पिवळा कुत्रा घरच्यांचा जीव वाचवतो, पिसाळतो, आणि ज्या मुलाचा तो प्राणप्रिय असतो त्या मुलालाच त्याच्यावर बंदूक चालवावी लागते, अशी ही कथा. त्याच वर्षी शेकडो मैल दूर असलेल्या कॅन्सस राज्यातील मुलांनीही स्वतंत्रपणे मतदान करून हेच पुस्तक निवडले. म्हणजे ‘कुत्रा मरायला नको होता, पण पुस्तक चांगलं आहे’ हा आमच्या तालुक्याच्या गावातील अभिप्राय दोन निरनिराळ्या प्रांतांतील मुलांनी एकाच वर्षी मतपत्रिकेवर नोंदवलेला आहे. दुःख पेलण्याची मुलांची ताकद आपण समजतो त्याहून फार मोठी असते. त्यांना नको असतो तो खोटेपणा.

कॅन्ससच्या पुरस्काराची हकिकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. एका संपूर्ण राज्यातील मुलांनी मत देऊन पुस्तक निवडावे, अशी योजना रूथ गार्व्हर गॅग्लिआर्डो या विदुषीने 1952 साली तेथे सिद्धीस नेली आणि एम्पोरिया गावातील महाविद्यालयाने (जे आज विद्यापीठ आहे) तिचा भार उचलला. नाव दिले विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांचे. हे ‘एम्पोरिया गॅझेट’ या छोट्या गावच्या वृत्तपत्राचे देशभर वाचले जाणारे संपादक. 1921 साली त्यांची सोळा वर्षांची कन्या मेरी घोड्यावरील अपघातात दगावली, तेव्हा त्यांनी तिच्यावर लिहिलेला मृत्युलेख अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीत अविस्मरणीय ठरला. ज्या लेखकाने आपल्या लेकीच्या अल्लड, स्वतंत्र वृत्तीचा इतक्या आदराने गौरव केला, त्याच्या नावाने मुलांच्या स्वतंत्र मताचा पुरस्कार दिला जावा, यात मला मोठे औचित्य वाटते. 1953 साली पहिला कौल मिळाला तो एलिझाबेथ येट्स यांच्या ‘अ‍ॅमॉस फॉर्च्यून, फ्री मॅन’ या पुस्तकाला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेला आणि पुढे स्वतःच्या कष्टाने स्वातंत्र्य विकत घेतलेला एक खराखुरा पुरुष हा त्याचा नायक. याच पुस्तकाला 1951 चे न्यूबेरी पदकही मिळालेले होते. तेव्हा पंडितांचा आणि मुलांचा निकाल नेहमी परस्परविरोधी असतो, असेही मानण्याचे कारण नाही.

पण कधी कधी तो विरोधी असतो, आणि तेव्हा काळ कोणाच्या बाजूने साक्ष देतो हे पाहणे उद्बोधक ठरते. बेव्हर्ली क्लिअरी या लेखिका ऑरेगनमध्ये वाढलेल्या. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या गावी त्या तरुणपणी बालविभागाच्या ग्रंथपाल होत्या. तेथे येणारी मुले त्यांना विचारीत, की आमच्यासारख्या मुलांविषयीची पुस्तके कोठे आहेत? फळ्यांवर तशी पुस्तके जवळजवळ नव्हतीच, म्हणून क्लिअरींनी स्वतःच लेखणी उचलली, आणि 1950 साली ‘हेन्री हगिन्स’ हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. ज्या प्रदेशातील मुलांनी हा प्रश्न विचारला होता, त्याच प्रदेशातील मुलांनी 1957 साली त्यांच्या ‘हेन्री अँड रिब्सी’ला पुरस्कार दिला. न्यूबेरी पदक क्लिअरींच्या हाती आले ते 1984 साली. विद्वानांना जी ओळख पटण्यास आणखी सत्तावीस वर्षे लागली, ती मुलांना आधीच पटलेली होती. ‘शार्लट्स वेब’सारख्या अजरामर कथेला 1953 साली न्यूबेरी पदकाने हुलकावणी दिली, हेही सर्वश्रुत आहे, तिचे लेखक ई. बी. व्हाइट यांना ते पदक कधीच मिळाले नाही, मात्र 1973 साली कॅन्ससच्या मुलांनी त्यांच्या ‘ट्रम्पेट ऑफ द स्वॉन’ला आपला कौल दिला.

पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. पण पाचशे मुखांनीही चूक होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. मुलांनी निवडलेल्या कित्येक पुस्तकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. जाहिरात, चित्रपट, लोकप्रिय मालिकेचा मागचा भाग यांचा परिणाम मुलांवर होतो, तसाच तो प्रौढांवरही होतो. शिवाय मताला येणारी यादी बहुधा मोठ्यांची समितीच ठरवते, तेव्हा मुलांचे स्वातंत्र्य त्या यादीच्या कुंपणाआतले असते. या उणिवा खऱ्या आहेत. तथापि मुलांचा कौल हा वाङ्मयीन मूल्याचा अंतिम निवाडा आहे असा दावा कोणी जाणत्या माणसाने केलेला नाही; दावा एवढाच आहे, की ज्याच्यासाठी जेवण रांधले त्याला चव विचारावी.

इंग्लंडमध्ये बालपुस्तक मंडळांच्या महासंघाने 1980 साली असाच पुरस्कार सुरू केला. रोआल्ड डाल यांच्या ‘बीएफजी’ला 1982 साली आणि ‘मटिल्डा’ला 1988 साली तो मिळाला, ग्रंथपालांच्या कार्नेगी पदकाने मात्र डाल यांना जन्मभर दूर ठेवले. फ्रान्स आणि हॉलंड या देशांत 1988 साली, एकाच वेळी, मुलांच्या मतदानाचे उपक्रम सुरू झाले. इंग्लंडातच ‘स्मार्टीज’ या पुरस्कारात अंतिम क्रम शाळकरी मुलांच्या मतांनी लागत असे, आणि 1997 साली त्याचे सुवर्णपदक एका अपरिचित लेखिकेच्या, जून महिन्यात नुकत्याच निघालेल्या पहिल्या पुस्तकाला मिळाले. ते पुस्तक हॅरी पॉटर मालिकेतील पहिले. जगभर डंका वाजण्यापूर्वी मुलांनी ते ओळखले होते.

या सर्वांत आपल्या दृष्टीने मला सर्वाधिक विचारणीय वाटतो तो कॅनडातील आंटेरिओ प्रांताचा उपक्रम. तेथील ग्रंथालय संघाने 1994 साली ‘सिल्व्हर बर्च’ हा पुरस्कार काढला आणि त्यातूनच पुढे निरनिराळ्या वयोगटांसाठी झाडांच्या नावांचे पुरस्कार निघून ‘फॉरेस्ट ऑफ रीडिंग’ नावाचे एक वाचनारण्यच उभे राहिले. दहा पुस्तकांची यादी, त्यांतील पाच वाचली तरच मत, आणि पुस्तके केवळ कॅनडातील लेखकांची. या शेवटच्या अटीत सारे मर्म आहे. शेजारच्या बलाढ्य अमेरिकेचे ग्रंथ त्याच भाषेत, आकर्षक रूपात, अहोरात्र येऊन आदळत असता आपल्या मातीतील लेखक आपल्या मुलांना ठाऊकच होत नाहीत, ही त्या देशाची व्यथा होती. तिच्यावर त्यांनी भाषणांचा उतारा शोधला नाही. दहा पुस्तके मुलांच्या हाती दिली आणि निकाल त्यांच्यावर सोपवला. निकालाच्या दिवशी टोरांटोच्या सरोवरकाठी हजारो मुले जमतात, आवडत्या लेखकाच्या नावाचे फलक उंचावतात, आणि लेखक व्यासपीठावर येताच क्रिकेटच्या मैदानावर आपल्याकडे उठतो तसा जल्लोष उठतो.

इंग्रजी पुस्तकांच्या शेजारी मराठी बालवाङ्मयाची अवस्था याहून वेगळी काय आहे? आपल्याकडे सन्मानांची वाण नाही. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आहे, राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाला स्थान आहे, आणि त्यांचे मोल मी जाणतो. परंतु तेथे निवाडा प्रौढांचाच असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र तीन पिढ्या टिकला तो मुलांच्या, कोठेही न मोजलेल्या मतांवर. ती मते मोजण्याची तजवीज करणे हे काही राजसूय यज्ञ करण्यासारखे अवघड काम नव्हे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मान्यता दिलेली हजारो ग्रंथालये गावोगावी उभी आहेत. त्यांच्या कार्यकारी मंडळांना ठराव करण्यापलीकडे कोणाच्या हुकुमाची गरज नाही.

हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांतील कोणी ग्रंथालयाचे चिटणीस असतील, शिक्षक असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत मराठी बालपुस्तकांतून दहा निवडा, प्रत्येकाच्या तीन-चार प्रती ठेवा, यादी फळ्यावर लावा. चार पुस्तके वाचलेल्या मुलाला मत द्या, आणि मतमोजणी मुलांसमोर करून निकाल लेखकाला पत्राने कळवा. मतपत्रिका साध्या कागदाची चालेल. फक्त पुस्तकाच्या नावाखाली दोन ओळींची जागा मोकळी सोडा.