आपल्या मातीतील माणसे

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे नावाचे गाव आहे. एकीकडे जळगाव जिल्ह्याची सीमा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि उत्तरेस पूर्णा नदीचे सुपीक खोरे, असा हा प्रदेश. येथील काळ्या जमिनीत कापूस पिकतो, ज्वारी डोलते. परंतु या भूमीचे वैभव केवळ पिकांत नाही. या गावाच्या आसपासच्या मुलखात जन्मलेल्या काही व्यक्तींची नावे महाराष्ट्राच्या आणि देशाच्या इतिहासात कोरली गेली आहेत.

यांत अग्रमान अर्थातच जिजाबाईंचा. जिल्ह्याच्या दक्षिण टोकास सिंदखेडराजा हे गाव आहे. तेथे लखुजी जाधवरावांच्या घराण्यात १२ जानेवारी १५९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील व भाऊ यांचा देवगिरीच्या किल्ल्यात १६२९ साली घात झाला. तरी त्या माउलीचे धैर्य खचले नाही. पुत्राच्या मनात त्यांनी स्वराज्याची ज्योत पेटविली आणि १६७४ साली त्याचा राज्याभिषेक डोळे भरून पाहिला. त्यांचे जन्मस्थान असलेला वाडा पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात.

परंतु प्रत्येक थोर व्यक्तीच्या वाट्यास असे स्मारक येतेच असे नाही. बुलढाणा येथे १८५० च्या सुमारास जन्मलेल्या ताराबाई शिंदे यांचीच गोष्ट पाहा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत नोकरीस होते. त्या काळी मुलींना शाळेत पाठविण्याची रीत नव्हती. तथापि बापूजींनी लोकनिंदेची पर्वा न करता आपल्या कन्येस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले.

पुढे १८८१ मध्ये सुरत येथील एका तरुण विधवेस न्यायालयाने कठोर शिक्षा ठोठावली. ते निमित्त साधून काही वृत्तपत्रे साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे देऊ लागली. ताराबाईंना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? पत्नी वारल्यावर पुरुषाने पुन्हा विवाह करावा आणि विधवेने मात्र जन्मभर दुःख सोसावे, हा कोठला न्याय? असे रोखठोक प्रश्न त्यांनी समाजाला विचारले.

असे प्रश्न ऐकण्याची त्या समाजाची तयारी नव्हती. ताराबाईंवर टीकेचा वर्षाव झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र त्यांची बाजू उचलून धरली. पुढे हा ग्रंथ विस्मृतीत गेला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे आढळत नाही. अखेर १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. जवळजवळ एक शतक मूक राहिलेला तो आवाज आज देशोदेशीचे अभ्यासक आदराने ऐकतात.

याच जिल्ह्यातील शेंदुर्जन येथे १९०९ साली कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म झाला. मोठ्या शहराची ओढ न धरता ते मेहकर येथे वकिली करीत राहिले. ‘शीळ’ या कवितेने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. ‘खूणगाठी’ या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील नाडगाव हे प्रतिभा पाटील यांचे जन्मगाव. १९३४ साली जन्मलेल्या या कन्येने वकिलीचे शिक्षण घेतले आणि १९६२ साली विधानसभेत प्रवेश केला. २००७ ते २०१२ या काळात त्या भारताच्या राष्ट्रपती होत्या. हे सर्वोच्च पद भूषविणाऱ्या त्या पहिल्याच महिला होत.

या व्यक्तींचे काळ निराळे, कार्येही निराळी. लहान गावात जन्म झाला म्हणून त्यांचे कर्तृत्व लहान राहिले नाही. कोठे जन्मावे हे कोणाच्याच हाती नसते. जन्मून काय करावे हे मात्र आपल्या हाती असते. आणि ज्यांनी ते करून दाखविले, त्यांचे स्मरण ठेवणे हे मागून येणाऱ्यांचे कर्तव्य आहे. वाडा नसला तरी ग्रंथ असतो. पण तो कोणीतरी उघडून वाचावा लागतो.