बोरूच्या वळणाकडे

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर यांसारख्या बाजारपेठांत दुकानांच्या पाट्या पूर्वी पेंटर खडूने आखून कुंचल्याने रंगवीत असत. फ्लेक्स, म्हणजे प्लास्टिकच्या कापडावरील यांत्रिक छपाई, स्वस्त झाल्यावर ते काम आटले आणि गावोगावचे फलक संगणकातील ठरावीक टंकांमुळे, म्हणजे तयार अक्षरसंचांमुळे, एकसारखे दिसू लागले. अक्षररचनाकार आता पुन्हा हाताच्या वळणाकडे पाहत आहेत, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. देवनागरीसाठी बोरूचे, म्हणजे पोकळ काडीच्या लेखणीचे, टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरके कापतात, आणि रेषा कुठे जाड, कुठे बारीक होणार हे त्या कापावर व हाताच्या फिरण्यावर ठरते; ही जाण नुसत्या पडद्यावरून येत नाही. विंडोजमधील ‘मंगल’ टंक घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) मुळात सुलेखनकारच होते, कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके हातानेच रेखाटली, तर अच्युत पालव यांचे सुलेखन मोडी लिपीच्या अभ्यासातून फुलले. दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरवळणे टंकरूपात जतन करण्याचा उपक्रम केला. वऱ्हाडातील पेंटरांच्या अक्षरांचीही अशी नोंद, ते हात कामात असतानाच, व्हायला हवी.