गाडीची काच: आधी माप, मग खरेदी

आज बोलायचंय गाडीच्या पुढच्या काचेबद्दल. स्कूटीच्या किंवा मोटारसायकलच्या हँडलपुढे वारा अडवायला बसवतात ती. कुणी तिला विंडशील्ड म्हणतं, कुणी वायझर. म्हणायला काच, पण असते प्लास्टिकची.

बचत गटांच्या कामासाठी आम्ही सात-आठ जणी गाडीवर फिरतो. रोजचे 40-50 किलोमीटर सहज होतात. थंडीत वारा छातीत भरतो, उन्हाळ्यात धूळ आणि किडे तोंडावर येतात. म्हणून गेल्या दिवाळीनंतर काचा बसवायचं ठरलं. आमच्यातल्या एका ताईंनी तालुक्याच्या गावाहून सगळ्यात उंच काच आणली. दुकानदार म्हणाला होता, मोठी घ्या, जास्त वारा अडेल. खरं सांगायचं तर ते आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं.

डिसेंबरात, ऊसतोडीच्या दिवसांत, ताई पहाटेच निघाल्या. धुकं होतं, काचेवर दव साचलं. काचेची वरची कड त्यांच्या डोळ्यांच्याही वर, त्यामुळे बघायचं ते काचेतूनच. मोटारगाडीला वायपर असतो, इथे तो नाही. पुढे उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. दिसली तेव्हा अगदी जवळ आली होती. ताईंनी गाडी रस्त्याखाली घातली आणि पडल्या. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

ट्रॉलीला दिवा नव्हता ही चूक ट्रॉलीवाल्याची, त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे. पण काचेची चूक आमची होती. आपण ब्लाऊज मापाशिवाय शिवून घेत नाही, आणि काच मात्र नुसती डोळ्याला बरी दिसली म्हणून घेतली.

तर माप कसं घ्यायचं? काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याच्या आसपास यावी, म्हणजे डोळ्यांच्या रेषेपेक्षा दोन-तीन इंच खाली. तुम्ही म्हणाल, मग तोंडावर वारा येणारच की. तसं होत नाही. समोरून येणारा वारा काचेवर आपटतो, तिच्या उतारावरून वर चढतो आणि कडेवरून आणखी थोडा वर उडतो. त्यामुळे काच डोळ्यांपर्यंत नसली तरी वाऱ्याचा मोठा झोत हेल्मेटच्या वरून जातो, आणि रस्ता मात्र आपल्याला काचेच्या वरून उघड्या डोळ्यांनी दिसतो. पाऊस, दव, चिखल काहीही काचेवर बसलं तरी नजर मोकळी राहते.

माप घ्यायला दोघी लागतात. गाडी स्टँडवरून काढून सपाट जागी उभी करा. जिची गाडी तिने हेल्मेट घालून, नेहमी बसते तशीच, पूर्ण वजन टाकून बसायचं. वजनाने गाडी थोडी खाली दबते, म्हणून शेजारी उभं राहून घेतलेलं माप चुकतं. दुसरीने शिवणकामाचा टेप घेऊन, काच जिथे बसणार तिथपासून नाकाच्या रेषेपर्यंत मोजायचं. काच तिरकी असते, म्हणून टेपही तेवढाच तिरका धरा. सरळ उभा धरलात तर काच आखूड येईल. शंका असेल तर त्या मापाचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीने लावून बघा. हे मात्र गाडी उभी असतानाच, पुठ्ठा लावून चालवायची नाही.

एकच गाडी सासू-सुना किंवा दोघी जावा वापरत असतील तर बुटकीच्या मापाने घ्या. उंच बाईला वारा थोडा जास्त लागेल, तेवढं चालतं. बुटकीच्या डोळ्यांपुढे काच आली तर ते चालत नाही.

काच बसवल्यावर डोकं गदगदत असेल, कानात घोंघावत असेल, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर हळू चालवत एकदा इंचभर वाका आणि एकदा इंचभर ताठ व्हा. वाकल्यावर शांत वाटलं तर काच थोडी उंच हवी. ताठ झाल्यावर शांत वाटलं तर ती थोडी कमी करायला हवी.

रुंदीचाही मोह नको. छाती झाकली जाईल एवढी पुरे. फार रुंद काच आडव्या वाऱ्यात शिडासारखी वागते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. हलक्या स्कूटीचं हँडल तिथे हातातून ओढल्यासारखं होतं. समोरून मोठा ट्रक गेला तरी तसाच धक्का बसतो.

ॲक्रिलिकची काच स्वच्छ दिसते, पण आपटली की तडकते. पॉलिकार्बोनेटची सहसा फुटत नाही, पण वर लेप नसेल तर लवकर ओरखडते. आमच्या खडबडीत रस्त्यांना आम्ही पॉलिकार्बोनेट पसंत करतो. बोल्टखाली रबरी वायसर घाला आणि फार आवळू नका, भोकापासून तडा जातो. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, काच कुठे अडायला नको. हेडलाइट आणि इंडिकेटर झाकले जायला नकोत.

काच कोरडी पुसू नका, धुळीनेच ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्या ओरखड्यांवर पसरून काही दिसत नाही. आधी पाणी ओता, मग जुन्या सुती साडीच्या ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. पेट्रोल, रॉकेल, तारेची घासणी काचेजवळसुद्धा नको.

ताईंनी ती काच फेकली नाही. बारीक दातांच्या करवतीने वरून चार बोटं कापून घेतली, कड कानशीने घासली आणि रबरी पट्टी लावली. आता त्या परत पहाटे निघतात. गुरुवारच्या बैठकीला गाडी घेऊनच या, टेप आणि पुठ्ठा आम्ही आणतो.