आजीची अबोली आणि पुण्याची माती

मुलांनो, परवाचीच गोष्ट. मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी डबा न खाताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मुठीत चार पिवळी पानं. म्हणाली, "बाई, आजीची अबोली मरतेय. आजी सारखी तिच्यापाशीच बसून असते."

तिची आजी गुहागरकडची. तिकडचं घर बंद करून पुण्याला मुलाकडे राहायला आली, तेव्हा परसातलं अबोलीचं एक रोप तेलाच्या डब्यात लावून मांडीवर घेऊन आली. एस.टी.तून! डब्यात असेपर्यंत रोप छान होतं. मग बाबांनी हौसेनं मोठी कुंडी आणली, शेजारच्या बांधकामाच्या पायातून निघालेली काळीभोर माती भरली आणि रोप त्यात लावलं. महिन्याभरात पानं पिवळी.

"आणि बाई, समुद्राजवळचं झाड आहे ना, म्हणून मी पाण्यात मीठ पण घातलं. थोडंसंच!"

मी कपाळाला हात लावला. अहो, अबोली समुद्राकाठच्या प्रदेशातली असली तरी वाढते घरामागच्या परसात, लाटांत नाही. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं. कुंडी ओली आणि झाड तहानलेलं!

पण मीठ नंतर आलं. दुखणं आधीचं होतं. ती पानं मी उजेडात धरली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांचा. ही खूण लक्षात ठेवा. झाडाला लोह मिळत नसलं की असं होतं.

आता गंमत बघा. कोकणातला लाल जांभा आणि आपली काळी माती, दोघी एकाच आईच्या लेकी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ झाला. रत्नागिरीकडे त्यावर वर्षाला ३०० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस कोसळत राहिला. त्यानं चुना धुऊन नेला आणि मागं उरलं गंजलेलं लोखंड. म्हणून ती माती लाल. (जांभ्याला इंग्रजीत 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली दिलं, केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. कोकणात याच दगडाचे चिरे कापून घरं बांधतात.) पुण्यात पाऊस जेमतेम ७०-७५ सेंटीमीटर. त्यामुळे इथल्या काळ्या मातीत चुना राहून गेला. खणताना पांढरे खडे सापडतात ना, तीच चुनखडी.

काळ्या मातीतही लोह असतं, बरं का! पण चुनखडीमुळे ते पाण्यात विरघळत नाही, आणि मुळं तर विरघळलेलंच पिणार. मुसकं बांधलेल्या बैलापुढं कडबा टाकावा तसं. मोठ्या मुलांसाठी सांगते: जांभ्याच्या मातीचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहा, काळ्या मातीचा साडेसात ते साडेआठ. शिवाय काळी माती भिजली की फुगते आणि मुळांची हवा कोंडते.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तीन वाट्या मांडल्या. एकीत कुंडीतली काळी माती, दुसरीत रस्त्याच्या कामावरचा तांबूस मुरूम, तिसरीत रोपवाटिकेतून आणलेली लाल माती. प्रत्येकीवर चमचाभर व्हिनेगर. काळी माती 'फस्स' करून फेसाळली. मुरमावरही बारीक बुडबुडे आले. सगळे ओरडले, "बाई, हा तर लाल आहे!" दिसायला लाल म्हणजे कोकणातली असं नाही. तिसरी वाटी मात्र गप्प. तीच निवडली. (घरी करताना मोठ्यांना जवळ बसवा आणि वाटीवर तोंड नेऊ नका.)

मग शनिवारी तिच्या घरी कुंडी भरली. लाल माती दोन घमेली, चांगलं कुजलेलं पाल्याचं खत एक, आणि नदीची जाडी वाळू एक. चौपाटीवरची वाळू नाही, तिच्यात मीठ असतं! मूठभर निंबोळी पेंड. सगळं चाळून मिसळलं, मुठीत दाबून पाहिलं. गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की फुटावा. चिकट राहिला तर वाळू वाढवायची. कुंडी मातीचीच घ्या, भोकावर खापरीचा तुकडा पालथा घाला. आम्ही रोपाची मुळं बादलीत हलक्या हातानं धुतली, काळी माती आणि मीठ दोन्ही निघून गेलं. संध्याकाळी लावलं, आठ दिवस सावलीत ठेवलं, मग सकाळचं ऊन. बोअरचं पाणी बंद, त्यातही बऱ्याचदा चुना असतो. पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम.

आजी सगळा वेळ पाटावर बसून बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आमच्याकडे नुसती खोचली तरी लागते हो."

जुनी पिवळी पानं गळून गेली, ती काही हिरवी होत नाहीत. पण महिन्यानं शेंड्याला दोन पानं आली, पूर्ण हिरवी. त्यानंतर कणीस आणि मग ती केशरी फुलं. वास नाही, म्हणून तर अबोली!

पण ती अगदीच अबोल नसते हं. फुलं संपल्यावर वाळलेलं एक कणीस त्या मुलीनं वर्गात आणलं. बशीत पाणी घेतलं, त्यात कणीस बुडवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. जरा वेळानं 'टच्च!' बोंड फुटून बिया उडाल्या. एक माझ्या चष्म्यावर, दोन फळ्यापाशी. चौथी कपाटाखाली गेली, ती अजून सापडलेली नाही.