खारेपाट

खारेपाट हा महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील, प्रामुख्याने पेण व अलिबाग तालुक्यांतील, धरमतर खाडीलगतच्या सखल गावांचा पट्टा होय. येथील बरीचशी भातशेती उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली असून ती मातीच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली आहे. त्यामुळे बांधाची देखभाल हा येथील ग्रामजीवनाचा मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

भूगोल
रोहा तालुक्यातील नागोठण्याहून वाहत येणारी अंबा नदी धरमतर खाडीला मिळते. पेण शहरालगतची भोगावती नदीही याच खाडीच्या परिसरात येते. जमीन सपाट, चिकणमातीची व क्षारयुक्त आहे. रोहा तालुक्यात कुंडलिका खाडीच्या काठीही अशा खारजमिनी आढळतात. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी समाजाची असून आगरी बोली प्रचलित आहे. शेतीखेरीज मासेमारी व मिठागरे ही उपजीविकेची जुनी साधने होत.

खारबंदिस्ती
खाडीकाठी मातीचा बांध घालून आतील जमीन लागवडीखाली आणण्याच्या पद्धतीस खारबंदिस्ती म्हणतात. बांधात ठिकठिकाणी 'उघाडी' म्हणजे झडपेचे दार असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने ते बंद होते व ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी बाहेर सोडते. उधाणाने बांध फुटून वाट पडली, की तिला 'खांड' म्हणतात. खांड वेळीच बुजवली नाही तर खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पुढील काही वर्षे नापीक राहू शकते.
पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी एकत्र येऊन करीत. 1948 च्या मुंबई खारजमीन अधिनियमाने आणि त्यानंतर 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने हे काम शासकीय व्यवस्थेत आले.

शेती व आहार
पावसाळ्याच्या प्रारंभीच्या सरी जमिनीतील क्षार धुऊन काढतात, त्यानंतर भाताची लागवड होते. मोड आणलेले बी फेकून पेरण्याची 'रहू' पद्धत कोकणातील अशा जमिनींत वापरली जाते. उन्हाळ्यात क्षार पुन्हा पृष्ठभागावर येत असल्याने बहुतांश जमिनीत वर्षाला एकच पीक निघते. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे पनवेल-1, पनवेल-2 व पनवेल-3 हे भाताचे वाण विकसित केले. शेततळ्यांत वाढवलेला जिताडा हा मासा खारेपाटाची ओळख मानला जातो.

जमिनीच्या हक्काचे लढे
अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील गावांच्या कुळांनी खोतीविरुद्ध 1933 ते 1939 या काळात संप केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील या संपात कुळांनी सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्यास पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.
2006 नंतर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील 45 गावांच्या भूसंपादनास विरोध झाला. प्रा. एन. डी. पाटील हे या आंदोलनाचे एक प्रमुख नेते होते. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. हे भूसंपादन पुढे पूर्ण झाले नाही.

सद्यःस्थिती
फुटलेल्या बांधांमागे खारे पाणी साचून राहिल्यास तेथे कांदळवन उगवते. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये बंदी घातली व 2018 च्या निकालाने हे संरक्षण कायम ठेवले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी हे आवश्यक असले, तरी खांड वर्षानुवर्षे उघडी राहिलेल्या ठिकाणी शेतकऱ्याला आपली जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे त्यामुळे अवघड होते. परिणामी बांध वेळेवर दुरुस्त होणे पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरले आहे.
पिण्याच्या पाण्याची टंचाई हा दुसरा प्रश्न आहे. भूजल खारे असल्याने गावे नळयोजनांवर अवलंबून आहेत. पेण तालुक्यातीलच हेटवणे धरणातून नवी मुंबईला पाणीपुरवठा होत असताना खारेपाटातील गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.