लारेडो: सात झेंड्यांचं गाव

माझं माहेर निपाणीचं. त्यामुळे 'सीमाभाग' हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. मार्चमध्ये बाबा आमच्याकडे सॅन अँटोनिओला आले. अलामो झाला, रिव्हरवॉक झाला, आणि मग त्यांनीच विचारलं, "इथून मेक्सिकोची सीमा किती लांब गं?" साधारण अडीचशे किलोमीटर. शनिवारी पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही लारेडोला निघालो.

लारेडो म्हटलं की इथे सगळ्यांना मालाचे ट्रक आठवतात, आणि ते दिसतातही रांगेने. पण गावाचा जुना भाग नदीलगत आहे, तिथे गाडी लावून सरळ चालायला लागावं. हिडाल्गो आणि लिंकन, दोघांच्या नावाचे रस्ते एकाच गावात! मध्ये सान ऑगस्टिन चौक. तिथलं उंच मनोऱ्याचं चर्च १८७२ सालचं, पण गाव त्याहून शंभरेक वर्षांनी जुनं. १७५५ साली तोमास सांचेझने ते वसवलं, तेव्हा इथे स्पेनचं राज्य होतं.

चौकालाच लागून एक बुटकी, पांढरी, जाड भिंतींची इमारत आहे. रिओ ग्रांदे प्रजासत्ताकाचं संग्रहालय. हे प्रजासत्ताक १८४० मध्ये जन्मलं आणि त्याच वर्षी संपलं. लारेडो त्याची राजधानी! टेक्सासवर सहा झेंडे फडकले असं शाळेत शिकवतात, लारेडोचे लोक सात मोजतात. माझ्यातली जुनी मास्तरीण जागी झाली आणि मी लेकीकडून सातही म्हणून घेतले: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास, रिओ ग्रांदे, दक्षिणेतल्या फुटीर राज्यांचा आणि अमेरिका. पाचव्यानंतर ती कंटाळली.

बाबा मात्र १८४८ वर अडकले. त्या वर्षीच्या तहाने नदी हीच सीमा ठरली आणि लारेडो अमेरिकेत आलं. आम्हाला मेक्सिकोतच राहू द्या, अशी विनंती गावकऱ्यांनी केली होती, ती मान्य झाली नाही. मग काही कुटुंबं नदी ओलांडून गेली आणि पलीकडे न्युएव्हो लारेडो उभं राहिलं. जाताना त्यांनी पूर्वजांच्या अस्थीही उकरून सोबत नेल्या, असं सांगतात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यांची सीमा निदान दिसते तरी."

नदीकाठी गेलो. पात्र फारसं रुंद नाही, पलीकडची घरं सहज दिसतात. पुलावरून माणसं पिशव्या घेऊन ये-जा करत होती. दर फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या जयंतीला दोन्ही देशांची मुलं पुलाच्या मध्यावर एकमेकांना मिठी मारतात. हा उत्सव १८९८ पासूनचा. हे ऐकल्यावर लेक हट्टालाच पेटली, "आपणही जाऊ या ना पलीकडे!" तिच्याकडे निळा पासपोर्ट. माझ्या आणि नवऱ्याच्या व्हिसाचा शिक्का संपलेला. परत येताना काय होईल, हा धोका पत्करायची आमची तयारी नव्हती. सात वर्षांच्या मुलीला हे कसं समजवायचं? "आई, मी एकटी जाऊन येऊ?" असं तिने विचारलं आणि मला हसू आलं, पण ते काही फार टिकलं नाही.

जाणाऱ्यांनी कागदपत्रं जवळ ठेवावीत. परतताना हमरस्त्यावर तपासणी नाका लागतो. उन्हाळ्यात तर मुळीच जाऊ नये. मॅकिंटॉश किल्ल्याच्या जागी आता कॉलेज आहे, ते आम्ही गाडीतूनच पाहिलं.

नाक्यावर अधिकाऱ्याने बाबांचा पासपोर्ट पाहून परत दिला. खिशात ठेवण्याआधी बाबांनी तो स्वतःच एकदा उघडला. जन्मस्थान: निपाणी, कर्नाटक.

"माझा जन्म झाला तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो," ते नातीला म्हणाले.

"मग आजोबा, तुम्ही कर्नाटकात राहायला कधी गेलात?"

सॅन अँटोनिओचे दिवे दिसेपर्यंत बाबा तिला तेच समजावत होते.